आईच्या न्हाणीजवळची अर्थिंग

आमच्या अंगणातल्या मोहाची फुलं पहाटे गळतात. अर्धवट झोपेत टपटप ऐकू येते, अन् मले वाटते आई टोपली घेऊन फुलं वेचायले खाली उतरली.

विजेवरची गाडी मी तिच्यासाठीच घेतली होती. दर आठवड्याले गडचिरोलीच्या दवाखान्यात जावं लागे, अन् एसटीच्या धक्क्यांनी तिचा मणका पार कामातून जाई. वायरिंगवाल्या मिस्त्रीभाऊनं मीटरपासून गाडीच्या शेडपर्यंत जाड वायर ओढली, चार्जर भिंतीवर ठोकला. बटण दाबलं तं लाल दिवा. घरची जुनी अर्थिंग त्या यंत्राले चालत नाई, म्हणे. माह्यं डोकंच फिरलं.

"नवा खड्डा लागन," भाऊ म्हणाला. "मीठ-कोळसा भरून तांब्याची पट्टी गाडतो. पण जागा ओली पाहिजे, तंच करंट जमिनीत उतरते."

भर उन्हाळ्यात ओल फक्त मोहाच्या बुडाशी होती. त्यानं तिथंच खोदायले सब्बल मारली.

आई खाटेवरून कशी उठली कोण जाणे. "मीठ टाकतं काय रे तिथी? मुळं जळतीन. या झाडानं पोसलं तुमाले."

"मंग तुह्या दवाखान्याचं काय?" मी खेकसलो.

"माह्या न्हाणीजवळ खोद. पाणी तं रोज पडते तिथी."

घरात मी तिच्यासाठी फरशीची बाथरूम बांधली होती, पण बाईसाहेब परसातल्या बांबूच्या तट्ट्याआडच्या दगडावरच न्हायच्या. भाऊ हसला, पण खड्डा तिथंच झाला. दिवा हिरवा लागला.

मग आई न्हाऊन, ओले केस मोकळे सोडून गाडीत बसायची. सागवनातून गाडी बिनआवाजाची जायची. तिचे डोळे मिटायचे. "चालून राह्यली का उभी हाय रे?" ती झोपेतच विचारायची. मले फार सुख वाटे.

हिवाळ्यात आई गेली.

पुन्हा फुलं गळायले लागली, अन् चार्जरवर लाल दिवा आला. भाऊनं खड्ड्याजवळची माती बोटांनी चुरून पाह्यली. "कोरडी ठाक झाली. इथी पाणी पडणं बंद झालं का?"

मी मान हलवली, अन् आईच्या न्हायच्या दगडावर बादली ओतली.

आता फरशीची बाथरूम सोडून मी त्याच दगडावर आंघोळ करतो. पाणी हळूहळू मातीत मुरते, शेडमधी हिरवा दिवा लागतो. दवाखान्यात न्यायचं कोणीच उरलं नाई. तरी दर आठवड्याले, तिच्या दवाखान्याच्या वारी, मी गाडीची बॅटरी भरून ठेवतो.