डब्यात राहिलेली टोपली

गेल्या हिवाळ्यात, बाजाराच्या दिवशी सकाळी, माझ्या मावशीला आमच्या गावच्या स्टेशनावर उभ्या असलेल्या डब्यातून खाली उतरवण्यात आलं.

आमची छोटी रेल्वेगाडी कोरोनाच्या टाळेबंदीत थांबली, ती पुन्हा सुरू झाली नाही. ती धावत होती तेव्हा गावात घड्याळ कोणी पाहत नसे. फाटकाजवळ भोंगा वाजला की बाया टोपल्या उचलत. शेवटची टोपली चढेपर्यंत गार्ड झेंडी दाखवत नसे. मावशी भरताची वांगी अशीच बाजारात नेऊन स्वतः विकायची. आता एसटीत टोपली घेत नाहीत. व्यापारी शेतावर येतो आणि भाव तोच ठरवतो.

त्या दिवशी स्टेशनाला 'वारसा' म्हणून जाहीर करण्याचा कार्यक्रम होता. एक जुना डबा ट्रेलरवरून आणून रुळांच्या उरलेल्या तुकड्यावर ठेवला होता. पाहुण्यांसाठी संयोजकांनी लाउडस्पीकरवर जुना भोंगा वाजवला. गावाला कोणी काही सांगितलं नव्हतं. मावशी टोपली घेऊन आली आणि दाराजवळ, तिच्या नेहमीच्या जागी बसली. बातमीसाठी मी तिथे होतो.

"अक्का, उतरा. ही गाडी कुठे जात नाही," संयोजक म्हणाले.

"जात नाही तं भोंगा काहाले वाजवला?"

"तो कार्यक्रमाचा होता."

फलाटावरून शेजारीण ओरडली, "उतरू नको वं! इंजिन नाही तं हे साहेब ढकलतीन!"

बाया हसल्या. मावशी हसली नाही, उठलीही नाही. दोघा कार्यकर्त्यांनी दंडाला धरून तिला उतरवलं. तिने टोपलीकडे हात केला तेव्हा फोटोग्राफर म्हणाला, "टोपली राहू द्या. फोटोत छान दिसते."

कार्यक्रम संपेपर्यंत ती बाभळीखाली उभी होती. भाषणांत कष्टकरी महिलांचा उल्लेख झाला, टाळ्या पडल्या. मग डब्याला कुलूप लागलं आणि पाहुण्यांच्या मोटारी निघून गेल्या. वांगी आतच होती. मी संयोजकांना फोन करून किल्ली मागितली. 'पाठवतो,' म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले.

फोटो माझ्याच वर्तमानपत्रात छापून आला. त्यात टोपली आहे.

पुढच्या बाजाराला मावशी गेली नाही. नवी वांगी व्यापाऱ्याने शेतावरून उचलली. त्या दिवशीही डब्याला कुलूप होतं. खिडकीतून टोपली दिसत होती.