अकरा शब्द जास्त

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मी कार्यालयात गिरणेच्या पाणीपातळीचा तक्ता उतरवत होतो. पाटबंधारे खात्यात मला एकवीस वर्षे झाली. रोजचा आकडा रोज लिहायचा, खाडाखोड करायची नाही, हे आता अंगवळणी पडले आहे. फोन वाजला आणि आमच्या पिंप्राळ्याचे शफीभाई म्हणाले, "वसंतभाऊ, नाना गेले. झोपेतच." मग म्हणाले, "परवा गुरुवार आहे ना…" मी फोन ठेवला आणि तसाच निघालो. दुसऱ्या दिवशी पाहिले तर त्या दिवसाचा रकाना कोरा होता. एकवीस वर्षांत तेवढा एकच.

नाना मूळचे भडगावचे. माझ्या आईकडून लांबचे मामा लागत, पण आमचे खरे नाते शेजारचे. धुळ्याच्या तारघरात त्यांनी चौतीस वर्षे काढली आणि निवृत्त झाल्यावर पिंप्राळ्यात आमच्या घराला लागून दोन खोल्या बांधल्या. आळीत सगळे त्यांना तारमास्तर म्हणत. तारघर सुटले तरी त्यांचे मधले बोट सुटले नाही. कोणी बोलू लागले की ते बोट गुडघ्यावर, टेबलावर, जे हाताशी असेल त्यावर हलके आपटे, एका शब्दाला एकदा. बोलणाऱ्याचे बोलणे संपले की नानांना ते किती शब्दांचे होते हे ठाऊक असे. माझ्या बायकोला याचा फार राग यायचा. "नानांशी बोलायचं म्हणजे वजनकाट्यावर उभं राहायचं," ती म्हणे. मला मात्र तो माणूस त्याच कारणाने आवडे. आकड्याची चाड असलेली माणसे मला फार भेटलेली नाहीत.

तारघरातली एक गोष्ट ते नेहमी सांगत. तार उतरवून घेतली की ती, निदान तिच्यातले आकडे तरी, पाठवणाऱ्याला परत वाचून दाखवायचे. त्याने "बरोबर" म्हटले तर पोच द्यायची. पोच मिळेपर्यंत तार पोचली असे धरायचे नाही आणि त्याच माणसाला पुढची तार द्यायची नाही. "निम्मी भांडणं यातच मिटतात रे," नाना म्हणत. "समोरचा काय म्हणाला तेच माणसाला नीट उतरवता येत नाही, आणि हा निघाला उत्तर द्यायला."

शफीभाईंचा एस.टी.डी. बूथ आमच्या कॉलनीच्या तोंडाशी आहे. गेल्या वर्षाच्या शेवटी त्यांनी तिथे संगणक आणला आणि इंटरनेट घेतले. लाइन लागायला कधी पाच मिनिटे, कधी पंचवीस. नाना पाहायला गेले, यंत्राची किरकिर कान देऊन ऐकली आणि म्हणाले, "हे तर तारघरच की, शफी." शफीभाईंनी त्यांना चर्चेचा एक फलक उघडून दाखवला. तिथे जगभरचे लोक हिंदुस्थान, पाकिस्तान, अमेरिका, रशिया यांवर भांडत होते. कोणी कोणाशी दोस्ती केली, कोणी कोणाला विकले गेले, कोणाचा देश खरा आणि कोणाचा कागदावरचा… मी वाचून दाखवत होतो, कारण नानांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि दुसऱ्याला पडद्याच्या उजेडाने पाणी येई. अर्धा तास त्यांनी ऐकले. मग म्हणाले, "एकालाही दुसऱ्याचं उतरवून घेता येत नाही. आमच्याकडे असा माणूस तीन दिवस टिकला नसता. लिही, वसंत."

संक्रांतीनंतरच्या गुरुवारी ते सुरू झाले. दर गुरुवारी संध्याकाळी पाच ते सहा. नाना हिंदीत सांगत, मी ते इंग्रजी अक्षरांत टाइप करी, आणि शेवटी नाना विचारत, "किती झाले?" मी शब्द मोजून सांगे. त्यांचा आकडा आणि माझा आकडा जुळला की ते "जाऊ दे" म्हणत. मगच बटण दाबायचे.

फलकावर 'मुलतानी' नावाने लिहिणारे एक पाकिस्तानी गृहस्थ होते. नानांनी त्यांना निवडले. पहिल्या निरोपात स्वतःचे काहीच म्हटले नाही, फक्त त्यांचे म्हणणे आपल्या शब्दांत लिहिले आणि शेवटी विचारले, "सही उतरा?" मुलतानींना ती चेष्टा वाटली. त्यांनी दोन शिव्या हासडल्या. नानांनी पुढच्या गुरुवारी त्याही उतरवून घेतल्या आणि विचारले, "सही उतरा?" तिसऱ्या खेपेला उत्तर आले, "हां, सही उतरा. अब आप कहिए." पुढे तेही तसेच करू लागले. आधी नानांचे म्हणणे परत लिहायचे, पोच घ्यायची, मग उत्तर. त्यामुळे एका मुद्द्याला तीन-तीन आठवडे लागत. फलकावरचे बाकीचे हसत. अमेरिकेतल्या आपल्याच एका माणसाने विचारले, ही चर्चा आहे की सोयरीक? नाना म्हणाले, "त्याला सांग, पत्रिका जुळत नाही, म्हणून वेळ लागतोय."

मुलतानी त्यांच्याकडच्या कालवे खात्यातून निवृत्त झालेले होते. हे कळल्यावर मी नानांना म्हटले, माझा एक प्रश्न घाला. पाण्याची पातळी तुम्ही फुटांत वाचता की मीटरमध्ये? उत्तर आले, "मीटर में, मगर दिल में फ़ुट." मी घरी येऊन बायकोला ते दोनदा सांगितले. एकदा राष्ट्र म्हणजे काय यावर वाद चालला होता. नानांनी लिहिले की मी घरात अहिराणी बोलतो, दप्तरात मराठी आणि तारेत इंग्रजी, तर मग मी कोण? पलीकडून आले की माझ्या घरात सराईकी, दप्तरात उर्दू आणि फायलीत इंग्रजी… तुम्हाला कळले तर मलाही कळवा.

मे महिन्यात सीमेवर लढाई सुरू झाली. पानटपरीवर नानांना टोमणे बसू लागले. "काय तारमास्तर, मुलतान काय म्हणतंय?" नाना म्हणाले, "बेचाळीस डिग्री म्हणतंय. आपलं त्रेचाळीस. जिंकलो आपण, पेढे वाट." टपरी हसली. पण शफीभाईंच्या बूथकडे काही जण निराळ्या नजरेने पाहू लागले होते, आणि गुरुवारी पाच ते सहा शफीभाई शटर अर्धे खाली ओढून ठेवत. मला तेव्हा वाटले, नानांनी आता थांबावे. बोललो नाही.

आता जे लिहायचे आहे ते लिहितो.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या जिल्ह्यातल्या एका जवानाचा देह आणला. मी कार्यालयातून निघून महामार्गावर दीड तास उभा होतो. फुलांनी मढवलेल्या ट्रकमध्ये त्याचे वडील बसले होते. मुलाची टोपी त्यांनी दोन्ही हातांत उलटी धरली होती, तिच्यातले काही सांडू नये अशी. तो गुरुवार होता. आमचा तेविसावा. मी तिथून सरळ बूथवर गेलो. नाना आधीच येऊन बसले होते.

त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्यात राग नव्हता. तुमच्याकडेही पेट्या येत असतील, असे होते. हत्यारे तुमची कुठून आली आणि आमची कुठून आली हे आपण दोघांनी चार महिने मोजले, त्यातले एकही त्या मुलांच्या गावचे नाही, असेही होते. मी टाइप करत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढून ती टोपी हलत नव्हती. नाना थांबले. त्यांचे सांगून झाले होते. माझी बोटे थांबली नाहीत. त्यांच्या शेवटच्या वाक्यापुढे मी लिहिले, "तुम्हारा तो मुल्क ही उधार का है, तुमसे क्या बात करनी."

नानांना पडदा दिसत नव्हता. शफीभाई माझ्या मागे उभे होते, त्यांना दिसत होता. "किती झाले?" नानांनी विचारले. मला खोटा आकडा सांगता येत नाही. खोटे वाक्य लिहिता आले, पण आकडा… तोंडातून खरा तोच गेला. "चाळीस." नानांचे बोट टेबलावर थांबले. त्यांनी एकोणतीस दिले होते. मला ते त्याच क्षणी कळले, त्यांनाही कळले असणार. ते नुसते "हं" म्हणाले. "जाऊ दे" म्हणाले नाहीत. मी बटण दाबले. त्या दिवशी लाइन फार हळू होती, निरोप जायला मिनिटभर लागत होता. शफीभाई खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "वसंतभाऊ, लाइन कापू का?" मी म्हटले, "राहू द्या." रोज जाणारी वीज त्या मिनिटात गेली नाही.

मुलतानींचे उत्तर आले नाही. पोच नसताना पुढचा निरोप द्यायचा नाही, हा नानांचा नियम. तरी ते दर गुरुवारी पाच वाजता येत, खुर्चीत बसत, विचारत, "पोच?" मी फलक उघडून पाही आणि म्हणे, "नाही." मग आम्ही तिघे चहा घेत असू. लढाई थांबली, पाऊस झाला, गणपती झाले, दसरा झाला. सतरा गुरुवार. सतरा वेळा त्यांनी विचारले आणि सतरा वेळा मी त्यांच्या तोंडाकडे न पाहता "नाही" म्हणालो. शेवटच्या गुरुवारी ते उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर उभे राहिले. आधारासाठी असेल, असे मी तेव्हा धरले. पाच दिवसांनी शफीभाईंचा फोन आला.

तेरावे झाल्यावरच्या गुरुवारी पाय आपोआप बूथकडे वळले. शफीभाईंनी लाइन लावली. फलकावर उत्तर होते. नाना गेले त्याच्या चौथ्या दिवशी लिहिलेले. "नानासाहब, इतने महीने जवाब देने को जी नहीं हुआ. मगर क़ायदा आपका है, इसलिए पहले दोहराता हूँ. आपने कहा, तुम्हारा तो मुल्क ही उधार का है, तुमसे क्या बात करनी. सही उतरा?"

मी ते किती वेळा वाचले ते मोजलेले नाही. नानांच्या नावाखाली ते अकरा शब्द तिथे होते, आहेत. ते पुसता येत नाहीत, शफीभाईंनी खटपट करून पाहिली. उद्या कोणी मुलतानमधून, अमेरिकेतून, कुठूनही तो फलक उघडला तर भडगावचा एक म्हातारा तसे म्हणाला होता, असेच त्याला दिसेल. आणि त्याच्या खाली तो प्रश्न, ज्याचे उत्तर देणारा माणूस आता नाही.

त्या संध्याकाळी मी अक्कांकडे गेलो. अक्का म्हणजे नानांच्या पत्नी. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी सगळे सांगितले, आकड्यांसकट. त्यांनी सूप खाली ठेवले नाही. म्हणाल्या, "त्यासले बठ्ठं माहीत व्हतं, भाऊ." मग थोड्या वेळाने, "मी म्हने, इचारा ना त्याले. तर म्हनेत, तो सांगी. आपन इचारानं नही." मी बराच वेळ बसून होतो. सूप हलत होते.

म्हणजे सगळे ठाऊक असून त्या सतरा गुरुवारी नाना मुलतानची पोच विचारत होते की माझी… हे आता कोणाला विचारणार? रात्री जाग येते ती त्या एका शब्दाने. "पोच?" आवाज चढा नाही, रागाचाही नाही. बायको विचारते, काय झाले. मी म्हणतो, काही नाही. हे अठरावे 'नाही', एकोणिसावे 'नाही'.

पुढच्या गुरुवारी मी बूथवर गेलो. शफीभाईंनी विचारले, "नानांच्या नावाने उघडू?" मी म्हटले, "नको. माझं नाव टाका. पूर्ण." ते म्हणाले, "वसंतभाऊ, सगळी दुनिया वाचते. टपरीवालेही आता इथे येऊन बसतात." मी म्हटले, "माहीत आहे." त्यांनी उठून शटर पूर्ण वर केले.

मी लिहिले, "सही उतरा. मगर वो ग्यारह लफ़्ज़ नाना के नहीं, टाइप करने वाले के थे. वो मैं हूँ. नाना ने उनतीस दिए थे. नाना अब नहीं रहे. माफ़ी चाहता हूँ. सही उतरा?"

बटण दाबण्याआधी सवयीने मोजले आणि डावीकडे वळून मोठ्याने म्हणालो, "एकतीस."

डावीकडे नानांची खुर्ची आहे. शफीभाई ती गुरुवारी पाचला अजून मांडतात, गिऱ्हाईक उभे असले तरी तिच्यावर बसू देत नाहीत. मी तिच्याकडे पाहत थांबलो. जाऊ दे, असे कोणी म्हणेल म्हणून थांबलो असेन… मग मीच बटण दाबले.

त्याला आता तीन गुरुवार झाले. पोच आलेली नाही. मी पाचला जातो, खुर्चीशेजारी बसतो, सहाला उठतो. परवा शफीभाई चहा ठेवता ठेवता म्हणाले, "वसंतभाऊ, बोट." पाहिले तर माझे मधले बोट टेबलावर हलके आपटत होते. कोणीच काही बोलत नव्हते, तरी ते मोजत होते.