वाट बंद झाल्यावर

नवं पुस्तक हाती आलं की आमचे मास्तर उभे राहत. तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, एक लाकडी खांब होता. त्याला पाठ टेकून पहिली तीस-चाळीस पानं ते उभ्यानेच वाचत. शेजारी वेताची आरामखुर्ची रिकामी. मग गोष्टीत बर्फ पडायला लागे, घाटरस्ता बुजे, टेलिफोनची तार तुटे, आणि मास्तर समाधानाने म्हणत, "वाट बंद झाली, बाई. अतां बसतों."

तुम्ही हसाल. मीही हसले होते. जुने मोडी कागद लावण्याच्या कामासाठी मी पुण्याहून तंजावरला गेले होते आणि राजवाड्यामागच्या गल्लीत, त्यांच्या समोरच्या माडीवर राहत होते. मास्तरांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. घरात तंजावरची जुनी मराठी बोलत, पण देवनागरी वाचता येत नसे. वाचायचे ते इंग्रजी, आणि त्यातही एकाच जातीची पुस्तकं: डोंगरातलं एकाकी घर, आठ-दहा पाहुणे, बाहेर बर्फ, आत खून. बसस्टँडजवळचा रद्दीवाला ती त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवी.

वैशाखात गल्लीतली कुत्रीसुद्धा गटारात बसायची, तेव्हा हा माणूस घाम पुसत बर्फ वाचायचा. बर्फ त्यांनी कधी पाहिला नव्हता. थोरला मुलगा कॅनडात होता. दर रविवारी फोनवर त्याला पहिला प्रश्न, "वाट बंद अहे कां?" तिकडे यंत्रं येऊन सकाळपर्यंत रस्ता मोकळा करतात, असं तो म्हणाला तेव्हा मास्तरांचा चेहरा पडला होता.

"उभ्यानं का वाचता?" मी एकदा विचारलं.

"पाहुण्यांतला कोणीही अजून निघून जाऊं शकतो. मी कसा बसूं?"

"आणि या वयात खुनाच्या गोष्टी कसल्या?"

"खुनासाठीं कोण वाचतो? मी शेवटल्या प्रकरणासाठीं वाचतों. सगळ्यांना एका खोलींत बसवून एक माणूस खरं सांगतो. कोणी उठत नाहीं. जाणार कोठें? बाहेर बर्फ."

"पण तेवढ्यासाठी एकाला मरावं लागतं."

"हां," ते म्हणाले, "तेवढं अहे."

त्यांच्या बायकोचं श्राद्ध वर्षातून दोनदा व्हायचं. चेन्नईचा धाकटा तिथीला यायचा, कॅनडाचा थोरला रजा काढून इंग्रजी तारखेला. दोघांची गाठ पडू नये म्हणून ही सोय. मास्तर दोन्ही पंगतींना बसत. "तिला, पावम, दोनदां यावं लागतें," असं म्हणून ते हसत. पावम म्हणजे बिचारी. बिचारं कोण, ते मला दिसत होतं.

भांडण सात वर्षांपूर्वीचं, एका ॲम्ब्युलन्सचं. आई अत्यवस्थ असताना थोरल्याने तिकडून फोन करून तिला चेन्नईला न्यायला गाडी पाठवली. गाडी रिकामी परत गेली, आणि दोन दिवसांनी आई गेली. थोरला समजला, धाकट्याने परत पाठवली. धाकटा आईजवळ येऊन राहिला होता, पण तेव्हा औषधं आणायला गेलेला. त्याने गाडी पाहिलीच नव्हती. तो समजला, भावाने पाठवलीच नाही, नुसती थाप मारतो.

गाडी परत कोणी पाठवली, हे मला एका दुपारी मास्तरांनी सांगितलं. कॉफीचा पेला हातात तसाच होता.

"तिनं हात धरला. मला घरांतून नेऊं नका, म्हणाली. मी गल्लीच्या तोंडाशीं जाऊन गाडी फिरवली. मग पोरं भांडलीं, तेव्हां तोंड उघडलें नाहीं. चूक झाली, बाई."

"मग आता फोनवर सांगा की."

"एकेकाला सांगितलें तर म्हणतील, दुसऱ्याला वांचवायला अप्पा खोटं बोलतात. दोघं एका खोलींत पाहिजेत."

मला वाटतं, ते भीतही होते. पण वाट पाहत होते हे खरं. दर वर्षी दोघांना एकच दिवस कळवत, आणि दर वर्षी एकाला काहीतरी अडचण निघे.

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी दूधवालीने हाक मारली म्हणून मी खाली धावले. मास्तर खांबाशी खाली घसरून बसले होते. पुस्तक मांडीवर होतं. मी नाडी पाहिली आणि कळलं. कळूनही मी बराच वेळ त्यांचा हात चोळत राहिले.

थोरला येईपर्यंत त्यांना भाड्याच्या थंड पेटीत ठेवलं होतं. काचेतून मला पाहवेना.

मग सुतकाचे दिवस. तेरावा होईपर्यंत दोघांनाही घर सोडता येत नव्हतं. एकाच खोलीत थोरला दाराशी बसे, धाकटा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. निरोप धाकट्याच्या बायकोमार्फत जात. चौथ्या दिवशी मी भाताचं पातेलं घेऊन गेले, तर दोघे समोरासमोर बसलेले. पातेलं खाली ठेवून मी सगळं सांगितलं. हे माझं काम नव्हतं. ज्याचं होतं तो माणूस आता नव्हता.

कोणी उठलं नाही. थोरला म्हणाला, "अप्पांनी मला कां नाहीं सांगितलें?"

"तुम्ही दोघं एकत्र बसायची वाट पाहत होते."

धाकटा रडत होता. त्याने कोनाड्यातलं ते पुस्तक काढलं. आत खुणेला बसचं तिकीट होतं. ते त्याने भावापुढे धरलं आणि सात वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलला.

"कोठपर्यंत आले होते, पाहा."

थोरला तिकिटाच्या पानापासून वाचू लागला. वाचता वाचता ओट्यावर गेला आणि खांबाला टेकून उभा राहिला. धाकटा त्याच्याजवळ जाऊन थांबला. अकरा पानं उलटली.

"अतां बंद झाली," थोरला म्हणाला.

दोघेही खाली फरशीवर बसले. खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली.