जिंकू दिलेला वाद

फ्यूजला राग यायला कारण लागत नाही, असं लोक म्हणायचे. ते खरं नव्हतं. कारण लागायचं, फक्त ते इतरांना दिसायचं नाही. भिंतीवर तिरकं बसवलेलं बटण, अर्धवट पिळलेला स्क्रू, उघड्या तारेवर गुंडाळलेली चिकटपट्टी, एवढंही त्याला पुरे व्हायचं. दुसऱ्या वायरमनचं काम उघडून बघताना तो त्या अनोळखी माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करी आणि मग सगळं मुळापासून नव्याने करायला घेई. घरमालक घाबरत घाबरत म्हणायचा, अहो, चालत होतं की. त्यावर तो जास्तच तडकायचा. चालत होतं म्हणजे काय? अजून आग लागली नव्हती, एवढंच ना? हे नाव त्याला धंद्यावरून पडलं असावं असं नवख्यांना वाटे. जुन्यांना ठाऊक होतं की ते त्याच्या डोक्यावरून पडलं होतं.

नाव ठेवणारा त्याचा मेहुणा, धाकट्या बहिणीचा नवरा. हा शिंपी. फ्यूज त्याला जावईबापू म्हणे. लग्नात ते मानाने सुरू झालं होतं. पुढे त्यात टोमणा इतका मुरला की मान कुठला आणि टोमणा कुठला हे दोघांनाही सांगता आलं नसतं. जावईबापूही त्याला तोंडावर कधी फ्यूज म्हणत नसत. म्हणत, "या वायरमनसाहेब, आज कोणाला शॉक देऊन आलात?"

दुकान दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर होतं. पुढे कापायचं लांब टेबल, मागे दोन मशिनं, खुंट्यांवर अर्धे शिवलेले कोट, बाह्या नसलेले, जणू माणसं हात घरी विसरून आली आहेत. संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं की जावईबापू टेप गळ्यातच ठेवून टेबलावरचे खडू आणि चिंध्या बाजूला सारत आणि दिवसाचा खरा धंदा सुरू होई. शेजारचा औषधवाला शटर अर्धं ओढून येई, वरच्या मजल्यावरचे मास्तर जिना उतरून येत आणि फ्यूज हत्यारांची पिशवी दारात आपटून आत शिरे. विषय ठरलेला. आजवरचा सगळ्यात थोर सिनेमा कोणता?

सिनेमांना त्यांची नावं होती, पण ती तिथे कोणी घेत नसे. जावईबापूंचा तो दीपगृहाचा. रंगीत, नऊ गाण्यांचा. दीपगृहाचा राखणदार भर वादळात दिवा तेवत ठेवतो आणि त्याच उजेडात आपल्या भावाची होडी फुटताना बघतो. फ्यूजचा तो साक्षीचा. काळापांढरा, एकही गाणं नाही. एक कारकून कोर्टात खोटी साक्ष देतो आणि उरलेला सिनेमाभर ती परत घ्यायला कचेऱ्यांचे जिने चढतो, पण ती परत घ्यायला कोणी तयार होत नाही.

"दोन तास जिने," जावईबापू म्हणत. "मला दम लागला खुर्चीत बसून."

फ्यूज म्हणे, दम लागायलाच हवा. तुमच्या दीपगृहवाल्याला मात्र कशाचाच दम लागत नाही. बाहेर समुद्र उलटापालटा झालाय आणि याचा भांग जागच्या जागी. मग जावईबापू साक्षीदाराचा कोट काढत. दारातून आत येताना तीन बटणं आणि पिंजऱ्यात उभा राहिला की दोन, एक काय न्यायाधीशाने खाल्लं? मग आवाज चढत. मास्तर तिसऱ्याच एका सिनेमाचं नाव पुढे करून बघत आणि दोघे मिळून मास्तरांवर तुटून पडत. एकदा तर फ्यूजने रागाने कात्री टेबलावर एवढ्या जोरात आपटली की कोणाच्या तरी पँटच्या कापडाला भोक पडलं. त्यावर ते दोघे आठवडाभर बोलले नाहीत. आठव्या दिवशी फ्यूज आला आणि सोडला होता तिथूनच वाद पुढे सुरू केला. भोकाचा उल्लेख दोघांनीही केला नाही.

इतक्या वर्षांत फ्यूजने एक शब्द मागे घेतला नाही. जावईबापूंनीही नाही. बायका म्हणायच्या, यांना सिनेमाशी काही घेणंदेणं नाही, यांना भांडायला कोणीतरी लागतं. त्यात अर्धं खरं होतं.

मग एका सकाळी जावईबापू टेबलावर कापड पसरून खुणा करत होते आणि खडू हातातून पडला. उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तोंडातून नुसता घोगरा आवाज निघे, शब्द होत नसे.

बहिणीने घर ताब्यात घेतलं. दुकानाच्या वरच्या खोलीत पलंग मांडला, उशाला औषधांचा डबा, उजव्या मुठीत दाबायला रबरी चेंडू. डॉक्टरांनी बजावलं होतं की रक्तदाब चढता कामा नये, त्यांना कशाचा त्रास होऊ देऊ नका. ते तिने इतकं मनावर घेतलं की घरात भांडं पडलं तरी ती भांड्याकडे डोळे वटारून बघे. फ्यूज पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा तिने त्याला जिन्यातच अडवलं.

"दादा, आत जाऊन तू तोंड उघडायचंस ते फक्त हो म्हणायला. कबूल असेल तर ये."

आत औषधवाला आणि मास्तर आधीच बसले होते. मास्तर जावईबापूंच्या पायावर हात फिरवत, लहान मुलाशी बोलतात तशा आवाजात सांगत होते की खरं तर दीपगृहाचाच सिनेमा सगळ्यात थोर, आम्ही उगीच तुम्हाला चिडवायचो. औषधवाला मान डोलावत होता. फ्यूजच्या डोक्यात सणक गेली. मास्तरांना तो सिनेमा कधीच आवडला नव्हता; ते त्याला समुद्रातली तमाशा पार्टी म्हणायचे. पण दारात बहीण उभी होती. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं आणि तिने हात जोडले नव्हते एवढंच. फ्यूजने मूग गिळले. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "जावईबापू, तुमचंच बरोबर होतं. सगळ्यात थोर तुमचाच सिनेमा."

जावईबापूंनी त्याच्याकडे पाहिलं. अर्धा चेहरा लोंबत होता, पण डोळे दोन्ही शाबूत होते. बराच वेळ ते बघत राहिले. मग मान भिंतीकडे वळवली. मुठीतला चेंडू घरंगळून पलंगाखाली गेला. बहिणीने तो उचलून परत दिला, तो त्यांनी धरला नाही.

फ्यूजला वाटलं, थकले असतील. घरी जाताना तो स्वतःवरच धुमसत होता, पण बहिणीचं ऐकलं याचं थोडं समाधानही होतं.

तीनचार दिवसांनी बहिणीचा फोन आला तेव्हा तो एका शिडीवर होता, तोंडात स्क्रू धरलेले. ती रडत नव्हती, चिडली होती. जावईबापू व्यायाम करत नाहीत. व्यायाम शिकवणारी बाई रोज येते, हात उचला म्हणते, तर हे भिंतीकडे बघत पडून राहतात. चमचा तोंडाशी नेला तर ओठ मिटून घेतात. ती बाई काल स्पष्टच बोलली की अंग परत येतं ते या पहिल्या महिन्यांत, आत्ता माणसाने मनावर घेतलं नाही तर पुढे कोणी काही करू शकणार नाही. आणि हे सगळं तू येऊन गेल्यापासून.

"काय बोललास तू त्यांना?"

"तू सांगितलंस तेच," फ्यूज म्हणाला, आणि स्क्रू खाली सांडले.

त्या दिवशी त्याने हातातलं काम जसंच्या तसं टाकलं, जे त्याने आयुष्यात केलं नव्हतं. घरी येऊन बायकोवर उखडला. मला गप्प बसवता आणि वर जाब मलाच विचारता. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने बोलणं पुरं होऊ दिलं.

"तुम्ही त्यांना आजवर कधी बरोबर म्हणालात का?"

"कशाला म्हणू?"

"मग त्या दिवशी म्हणालात. त्याचा अर्थ त्यांनी काय घ्यायचा?"

ती पुढची घडी घालायला लागली. फ्यूज खाटेवर बसला. राग गेला नव्हता, पण त्याची दिशा बदलली होती. वाद आपण कोणाशी घालत नाही? तान्ह्या पोराशी आणि मेलेल्या माणसाशी. मास्तरांनी, औषधवाल्याने आणि त्याने, तिघांनी मिळून त्या माणसाला जिवंतपणी खांदा दिला होता. वर गोड आवाजात. आणि तो शुद्धीवर होता, त्याला सगळं कळत होतं, फक्त शिवी देता येत नव्हती. हे लक्षात आलं तसा फ्यूजचा पारा असा चढला की त्याने पायात चपला कशा सरकवल्या ते त्याला आठवेना. रस्ताभर एकच गोष्ट त्याच्या मागे लागली होती. रक्तदाब चढला आणि काही झालं, तर बहिणीला तोंड कसं दाखवायचं? दुकानाच्या बंद शटरपाशी तो क्षणभर थांबलाही. मग जिना चढला.

बहीण ओट्यापाशी होती. तिला काही न विचारता तो थेट खोलीत गेला, पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला, जिथे जावईबापूंचं तोंड होतं तिथे, खुर्ची घुसवून बसला.

"त्या दिवशी मी खोटं बोललो," तो म्हणाला. "तुमचा सिनेमा टुकार आहे."

जावईबापूंची नजर हलली.

मग फ्यूज सुटला. भांगापासून सुरुवात केली. मग तो दिवा. वादळात दीपगृहाची काच फुटते, वारा आत घोंघावतो, टेबलावरचे कागद उडतात आणि दिव्याची ज्योत तसूभर हलत नाही, ही कसली ज्योत? दिग्दर्शकाने आयुष्यात काडी तरी पेटवून बघितली होती का? आणि भाऊ बुडतोय तेव्हा हा वर उभा राहून दोन कडवी गातो. दोन! एका कडव्यात दोर टाकून झाला असता. पलंगावर घोगरा आवाज झाला. फ्यूजने तो ऐकला नाही असं दाखवलं. बोलता बोलता त्याचा आवाज दुकानातल्या आवाजाइतका चढला आणि हातात चमचा घेऊन बहीण दारात आली.

"दादा, बाहेर हो."

तो हलला नाही. तिने येऊन त्याचा दंड धरला, ओढला. भाऊ आहेस की वैरी, असं दातओठ खात म्हणाली. फ्यूज खुर्चीला चिकटून राहिला आणि तिच्या खांद्यावरून बोलत राहिला. शेवटी जे तो इतक्या वर्षांत कधी बोलला नव्हता ते त्याने काढलं.

"तुम्हाला तो सिनेमा थोर वाटतो कारण तुम्हाला रडायला अंधार लागतो, जावईबापू. अख्ख्या दुकानाला माहीत आहे."

जावईबापूंचा चेहरा लाल झाला. डाव्या हाताने त्यांनी पांघरूण भिरकावलं, तोच हात पलंगाच्या कडेला रोवला आणि उठायला लागले. नुसते उठून बसले नाहीत, पाय खाली टाकले. डावा आपोआप गेला. उजवा जागचा हलेना तेव्हा डाव्या हाताने मांडी उचलून तो खाली सोडला. मग त्याच हाताचं बोट दरवाजाकडे रोखलं. शब्द अजून शब्द झाला नव्हता, पण तो काय होता हे खोलीत तिघांनाही कळलं. आपल्या घरातून त्यांना हा माणूस हाकलायचा होता.

बहिणीने फ्यूजचा दंड सोडला आणि धावून नवऱ्याच्या काखेत खांदा घातला. उजवीकडे ते लवंडत होते. फ्यूज खुर्चीवरून उठून एक पाऊल मागे सरला, तसे ते अर्धं पाऊल पुढे आले, पाय फरशीवर घासत. तो गप्प झाला. क्षणात जावईबापूंचे गुडघे सैल व्हायला लागले आणि ते मागे पलंगाकडे कलले.

बहिणीने नवऱ्याच्या ओझ्याखालून वर बघितलं. तिच्या डोळ्यांत भावासाठी माया नव्हती, अजिबात नव्हती.

"आता गप्प काय बसलास?" ती म्हणाली. "बोल ना पुढे."

फ्यूज त्यांच्याकडे तोंड ठेवून, उलट्या पावलांनी दरवाजाकडे सरकत, दीपगृहाच्या सिनेमाला नावं ठेवायला आणखी काय उरलं आहे ते शोधत बोलायला लागला.