माझ्या वास्तव्याचा ठराव

आमच्या नोकरीत घरभाडे भत्ता माणूस काम किती करतो यावर मिळत नाही, तो राहतो कुठं यावर मिळतो. शहरात नेमणूक असेल तर जास्त, गावात असेल तर कमी. आणि गावातला तो कमीचा भत्ताही हवा असेल तर नेमणुकीच्या गावीच, सरकारी भाषेत ‘मुख्यालयी’, राहायला लागतं. राहतो की नाही याची खात्री ग्रामसभेनं ठराव करून द्यायची. आणि ग्रामसभेचं इतिवृत्त लिहायचं ग्रामसेवकानं, म्हणजे मी. पाच वर्षं मी माझ्याच वळणदार अक्षरात लिहीत आले, ‘ग्रामसेविका या मुख्यालयी वास्तव्यास असल्याची ही ग्रामसभा खात्री देत आहे. ठराव सर्वानुमते मंजूर.’ खाली सरपंचांची सही. नकलेवर माझा ‘खरी नक्कल’ असा शिक्का. वास्तव्य मात्र कोल्हापुरात, भाड्याच्या दोन खोल्यांत, कारण नवऱ्याचं काम आणि मुलीची शाळा तिथं.

नोकरी मी चोख केली, हे आधीच सांगून टाकते. मला त्याचा अभिमान आहे आणि तो झाकून ठेवायची सवय नाही. गाव पन्हाळ्याच्या पलीकडं, एका खोलगट भागात. ऊन असो, धुकं असो, साडेनऊला ग्रामपंचायतीचं कुलूप मी मोपेडवरून उतरून माझ्या हातानं काढायचे. पण दाखले, घरपट्टी, योजनांचे अर्ज, सगळं आता संगणकावर आलंय आणि गावात रेंज मिळते ती खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात, तीही तिची मर्जी असेल तर. त्यामुळं संगणकाचं काम मी घरी नेत असे. संध्याकाळी सहाला स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकीकडं कणीक, एकीकडं लॅपटॉप.

त्यातली गंमत अशी, की निम्म्या कामांना सरपंचांच्या मोबाईलवर ओटीपी येतो. आमच्या सरपंचकाकी चौथीपर्यंत शिकलेल्या, घरी सहा म्हशी. त्यांचा गोठा वर माळाला, आणि रेंज तिथंच. मग धारेच्या वेळी मी फोन लावायचा, काकी मेसेज बघून फोन खांद्यानं कानाशी दाबून धरणार आणि बादलीत धार वाजत असताना ओरडून आकडे सांगणार. “लिवा मॅडम, चार, सात न्हवं, चार! मग शून्य! तुमचा कुकर वाजाय लागलाय, आदी त्यो बंद करा!” गावातल्या कितीतरी बाळांचे जन्माचे दाखले असे एका म्हशीच्या आणि एका कुकरच्या साक्षीनं निघालेत. सकाळी कागद ज्याच्या त्याच्या हातात. कुणाला दुसरा हेलपाटा पडला नाही.

वडिलांना मात्र हा भत्ता कधी पटला नाही. ते कबनूरला यंत्रमागावर राबले, जन्मभर मीटरवर मजुरी. पहिल्यांदा मी त्यांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी भाकरी मोडायची थांबवली. “म्हंजे मला कापाड किती इणलं त्याचा पगार, आन् तुला झोपतीस कुठं त्याचा?” वर हसून म्हणाले, “आन् झोपतीस तर भलतीकडंच की!” मी चिडले. सगळे असंच करतात, मी म्हटलं. त्यांनी आमटी ओतून घेतली.

गेल्या वर्षी एक गृहस्थ ग्रामपंचायतीत आले. गावचेच, पण मुलाबाळांसह कोल्हापुरात स्थायिक. मुलीला ग्रामीण भागातल्या मुलींच्या वसतिगृहात प्रवेश मिळावा म्हणून त्यांना गावात राहत असल्याचा दाखला हवा होता. मी म्हटलं, “तुम्ही इथं राहत नाही. खोटा दाखला मी देत नाही.” बोलताना आवाजही चढवला असणार, तो माझा दोषच आहे. ते तावातावानं नाही, अगदी गार आवाजात म्हणाले, “मॅडम, मग तुमी तरी कुठं ऱ्हाताय? रोज सकाळी आमच्याच कॉलनीत दूध घेताना बगतोय की तुमास्नी.” बाकावर दोघं-तिघं बसले होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

ते निघून गेले आणि मी जुनी इतिवृत्ताची वही काढली. पाच वर्षांचे पाच ठराव, सगळ्यांत माझं अक्षर सुंदर. मला स्वतःचा राग आला, अगदी कानशिलं तापेपर्यंत. सहावा लिहायचा नाही, हे तिथंच ठरलं. भीती भत्त्याची नव्हती. तो गेला असता तर ओढाताण झाली असती, इतकंच. चौकशी लागून बदली झाली तर हे गाव हातचं जाणार, याची भीती होती. पाच वर्षांत मी इथल्या प्रत्येक घराचा नंबर पाठ केला होता. आणि खरं सांगितल्यावर गाव माझ्याकडं कसं बघेल, ही भीती त्याहून मोठी.

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. दाखला नाकारलेले गृहस्थही मागं खांबाला टेकून बसले होते. पाण्याच्या टाकीवरून नेहमीचं भांडण झालं, ते मिटलं, आणि माझ्या वास्तव्याचा विषय आला. मी उभी राहिले. “मी या गावात राहत नाही. कोल्हापुरात राहते. मागचे पाचही ठराव मी खोटे लिहिले. या वर्षी तसं लिहिणार नाही.”

एक जण म्हणाला, “आमाला काय ठावं न्हाय व्हय? लिवा की दरसालासारकं, कोण बगतंय!” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी मान हलवून नाही म्हटलं. मागचे गृहस्थ उठले. मला वाटलं, आता हे माझी सालटी काढणार. ते म्हणाले, “बाई खरं बोलल्यात. माझ्या दाखल्याचा राग आता मी सोडला.” आणि बसले.

सरपंचकाकी इतका वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. त्या म्हणाल्या, “मॅडम, तसं असंल तर काम कसं हुतंय ते बी लिवा. नुसतं ऱ्हात न्हाईत म्हनून कसं सोडायचं?”

मी म्हटलं, “काकी, स्वतःचं कौतुक मी स्वतःच्या हातानं कसं लिहू?”

“मग वही हिकडं आना.”

त्या वहीत काकींनी आजवर फक्त सही केली होती. त्या खाली सतरंजीवर बसल्या, वही मांडीवर घेतली आणि लिहायला लागल्या. एकेक अक्षर ओठांनी आधी म्हणायचं, मग काढायचं. ग्रामसभेतून लोक एरवी चहा झाला की पसार होतात. त्या दिवशी चहा गार झाला, तरी चार ओळी पुऱ्या होईपर्यंत एकही माणूस उठला नाही. लिहून झाल्यावर काकींनीच मोठ्यानं वाचलं, “मॅडम कोल्हापुरात ऱ्हात्यात. त्यांनीच खरं सांगितलं. पाच वर्सांत गावाचं एक काम आडलं न्हाय. आमाला ह्याच मॅडम पायजेत.” हात वर झाले. मी ते मोजायला हवे होते, पण डोळे भरून आल्यामुळं मला नीट दिसेनात.

तालुक्याहून फोन आला. ठरावाची भाषा अशी नसते, म्हणाले. नीट टाइप करून पाठवा. मी म्हटलं, नक्कल सुधारून पाठवली तर ती नक्कल कसली? जशी होती तशी पाठवली. मग नोटीस आली, खुलासा दिला, भत्ता बंद झाला. मागचा आता पगारातून हप्त्यानं कापतात, तोही रास्तच. ताकीद मिळाली आणि गाव माझ्याकडं राहिलं. सहा वाजता धार आणि कुकर अजून चालूच आहेत.

रविवारी कबनूरला गेले तेव्हा वडिलांना मोबाईलवर तो ठराव दाखवला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला. “झोपायचा पगार गेला म्हन की,” म्हणाले. मी म्हटलं, गेला. मग म्हणाले, “ह्याची एक नक्कल मला दे. शिक्का मारून.” मी चेष्टेत म्हटलं, त्याला रीतसर अर्ज करावा लागतो.

पुढच्या मंगळवारी वडील दोन एसट्या बदलून माझ्या गावात हजर झाले. बाकावर इतरांबरोबर बसले आणि नंबर आल्यावर अर्ज पुढं केला. नक्कल कशासाठी हवी, त्यापुढं त्यांनी लिहिलं होतं, ‘मुलगी माझी हाय.’

मी नकलेवर शिक्का मारला आणि खाली सही केली.