काळं टोपण, चॉकलेटी पेन

शाईचा पेन दुसऱ्याच्या हाती द्यायचा झाला तर टोपण आपल्या मुठीत ठेवायचं, हा आमच्या घरचा पहिला नियम. पेन कधीही गरम पाण्यानं धुवायचा नाही, हा दुसरा. पहिला दादांनी शिकवला. दुसरा आईच्या हातून मोडला तेव्हा कळला.

दादा म्हणजे माझे वडील. घनसावंगीला तहसीलच्या बाहेर लिंबाखाली टेबल टाकून ते लोकांचे अर्ज लिहून देत. अर्जनवीस म्हणत त्यांना. अर्ज लिहून झाला की सही करायला समोरच्याकडे पेन नसायचाच. मग दादा आपला पेन पुढे करत आणि टोपण डाव्या मुठीत धरून बसत. बिनटोपणाचा शाईचा पेन खिशात घातला तर सदऱ्याचं वाटोळं होतं, त्यामुळे माणूस सही करून मुकाट पेन परत करतो. पोस्टात, बँकेत ही युक्ती सगळेच करतात. दादा घरातही करायचे. मला गृहपाठाला पेन दिला तरी टोपण त्यांच्यापाशी. मला भयंकर राग यायचा. मी काय पेन घेऊन पळून जाणार होते? पण त्यांचं एकच, टोपण ज्याच्या हातात, पेन त्याचा.

पेन जुन्या पद्धतीचा होता, ड्रॉपरनं शाई भरायचा. जाड, एबोनाइट नावाच्या कडक रबराचा, काळाकुळकुळीत. त्याचे लाड काही विचारू नका. आट्यांमधून शाई झिरपू नये म्हणून दादा तिथे बोटानं व्हॅसलीन लावत. निब जोर करून टेकवू नये, पालथी धरू नये, पेन आडवा ठेवू नये. एवढे नियम आम्हा लेकरांना वाढवतानाही त्यांनी लावले नाहीत, असं आई म्हणायची, आणि ते खरंच होतं.

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, पेनाला अंघोळ असे. त्या दिवशी घरोघरी हत्यारं घासूनपुसून पूजेला मांडतात. आमच्याकडे विळी, कात्री, आईचं शिलाई मशीन आणि मधोमध दादांचा पेन. दादा तो सकाळीच खोलून थंड पाण्याच्या वाटीत बुडवून ठेवत, आणि निळं झालेलं पाणी अंगणातल्या कढीपत्त्याला घालत. एका वर्षी पेन पूजेसाठी घरी ठेवून त्यांना तहसीलला लवकर जावं लागलं. सणाच्या दिवशी पेन पारोसा राहायला नको म्हणून आईनंच तो धुवायला घेतला. तिनं विचार केला, तेलकट भांडं गरम पाण्यानं लख्ख निघतं, मग पेन का नाही निघणार? तिनं बंबातलं कढत पाणी घेतलं. टोपण तेवढं दादांच्या खिशातच राहिलं होतं, सवयीनं. पेन बाहेर काढला तर काळा रंग उडून चॉकलेटी झालेला, आणि घरभर जळक्या रबराचा वास. दुपारी दादा आले, पाटावर बसले आणि पुरणपोळी असूनही अर्ध्या ताटावरून उठले. संध्याकाळी त्यांनी चॉकलेटी पेनावर काळं टोपण फिरवून बसवलं, लांब धरून पाहिलं, आणि हसू लागले. आता हा चोरीला जायचा न्हाई, म्हणाले. असा बेजोड जोडा जिल्ह्यात दुसरा नव्हता.

दादांना जालन्याला दवाखान्यात न्यायचं ठरलं, त्या सकाळी त्यांनी आधी पेनात शाई भरली. छातीत दुखत होतं तरी. दवाखाना म्हणजे कागदपत्रं आलीच, असं त्यांचं म्हणणं. आणि झालंही तसंच. आत नेण्याआधी माझी सही हवी होती, आणि काउंटरवरचा बॉलपेन काही केल्या उमटेना. मी दादांकडे वळले. त्यांनी पडल्यापडल्या खिशातून पेन काढला, टोपण फिरवून मुठीत घेतलं आणि पेन मला दिला.

"टोपण राहू दे माझ्यापाशी," ते म्हणाले.

मी त्याही घाईत चिडले. सही करून परत येईपर्यंत त्यांना आत नेलेलं होतं. नंतर नर्सनं त्यांचं घड्याळ, चष्मा आणि ते काळं टोपण माझ्या हातात ठेवलं. मूठ सोडवून काढावं लागलं, म्हणाली. मी तिथेच बाकावर बसून पेनाला टोपण लावलं. पेन परत कुणाला देऊ, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर तो पेन मी पुण्याला घेऊन आले. नोकरी तिथलीच. त्यानं लिहिलं मात्र कधीच नाही. आत दादांनी भरलेली शाई होती. लिहिलं असतं तर संपली असती, धुतली असती तर गेली असती. त्यांच्या हातची एवढीच एक गोष्ट उरली होती, जी अजून वापरायची राहिली होती. दर दसऱ्याला मी गावी जाताना पेन नेत असे, आई त्याला तसाच पारोसा हळदकुंकू लावत असे, आणि मी परत आणत असे. मला दादांची आठवण यायची ती अशी पर्समध्ये हात गेला की, रोज, आणि ती कमी झाली असं मी कुणाला सांगत असेन तर ते खोटं आहे.

यंदा गावी जाताना जालन्यात बस बदलायची होती. मध्ये वेळ होता म्हणून जुन्या बाजारातल्या पेनांच्या दुकानात शिरले. दुकानदार चाचांनी पेन उघडायचा प्रयत्न केला, तो हलेना. निबेच्या मुळाशी हिरवट थर धरला होता.

"शाईचा पत्थर झालाय, बेटी. जल्दी धुवा, न्हाई तर निब जाईल."

तिथेच धुवून देतो म्हणाले. मी नको म्हणाले आणि जवळजवळ पळतच स्टँडवर आले.

खंडेनवमीच्या सकाळी आई विळी घासत होती. मी थंड पाण्याची वाटी घेऊन शेजारी बसले आणि पेन बुडवला. बराच वेळ काही झालं नाही. मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग निबेपासून निळी रेघ सुटली, तळाशी गेली, आणि बघता बघता सगळी वाटी निळी झाली. मी दुसऱ्या वाटीत पाणी घेतलं, पुन्हा निळं. मला रडू आवरेना. आई विळी घासतच राहिली. ते पाणी मोरीत ओतायचं माझ्याच्यानं होईना, तेव्हा तिनं उठून वाट्या उचलल्या आणि कढीपत्त्याला घातल्या. घट्ट बसलेले आटे सुटले, शेवटचं पाणी स्वच्छ निघालं. पेन पुसून कोरडा केला, पूजेत ठेवला.

दसऱ्याला पूजा उचलल्यावर मी आट्यांना व्हॅसलीन लावून नवी शाई भरली. कागदावर सरस्वती काढायचं काम दादांचं असे. यंदा आईनं पेन मागितला. मी दिला, आणि माझ्याही नकळत टोपण मुठीत धरलं. तिनं ते पाहिलं. मग वेडीवाकडी सरस्वती काढली. निब जराही अडखळली नाही.

मी निघाले तेव्हा बस यायला थोडाच वेळ होता. आईनं डबा दिला, आपट्याची पानं दिली, पेन दिला. पेनाला टोपण नव्हतं.

"टोपण राहू दे माझ्यापाशी," ती म्हणाली.

शाई वाळून जाईल ना, मी म्हणाले. पुण्याला पोचेपर्यंत वाळेल.

"वाळू दे. वाळली की ये धुवायला. कशाला दसऱ्याची वाट बघायची?"

तिची मूठ पदराखाली होती. मी निब रुमालात गुंडाळली आणि बसमध्ये बसले. जालना यायच्या आतच सगळा रुमाल निळा झाला होता.