खंडेनवमीची भट्टी

ठाण्याला खाडीच्या अंगाला काचेच्या बाटल्यांचा एक कारखाना होता. तिथे मी टायपिस्ट होते. नौपाड्यातून चालत जायचे. बाईमाणूस कारखान्यात जाते म्हणून आळीतल्या बायका माझ्याकडे अशा बघायच्या, की मी जणू गलबतावरच निघाले आहे.

त्या वर्षी गणपतीनंतर नवे मॅनेजर आले. विलायतेत शिकलेले, डोंबिवलीला राहणारे, तिशीही न ओलांडलेले. मला ते आधी मुळीच आवडले नाहीत. ज्यात त्यात यांना शिस्त हवी. खंडेनवमीला प्रत्येक खातं आपापली पूजा करी, आणि भटजी आधी कुठे जाणार यावरून दरवर्षी जुंपायची. साहेबांनी फर्मान काढलं : एक कारखाना, एक पूजा. सगळी हत्यारं अंगणात एकत्र मांडायची. हे मात्र बरं केलं, असं मलाही वाटलं.

पूजेच्या सकाळी साहेबांनी फेरी मारली. भट्टीपाशी दोन फावडी भिंतीला टेकवलेली दिसली. "यांनी काय घोडं मारलंय? यांनाही न्या की," ते म्हणाले. भट्टीचा मुकादम जवळच्याच मिठागरांच्या गावचा, साहेबांच्या वडिलांच्या वयाचा. त्याने ती मुकाट्याने नेली. कोळसा टाकायला साहेबांनी दुसरी आणवली असतील, असं तो समजला. दुसरी असतीलच, असं साहेब समजले. एकाने विचारलं नाही, दुसऱ्याने सांगितलं नाही. साहेबाला उलट विचारणं म्हणजे त्याचा अपमान, अशी आमच्याकडे रीतच पडून गेली होती.

हळदकुंकू वाहून झालं, झेंडू चढले. एकदा पुजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. गावात घरोघरी, दुकानोदुकानी तेच, त्यामुळे उसनं मिळायचीही सोय नाही. आणि भट्टीला सुट्टी नसते. ती निवली की आतली काच थिजते, भट्टी तडकते, मग कित्येक महिने कारखाना बंद. आम्हा सगळ्यांच्या घरच्या चुली तिच्यावरच पेटत होत्या.

दुपारी भट्टीच्या पांढऱ्या जाळाचा रंग उतरून तो तांबूस झाला. साहेब धावतच आले.

"फावडी उचला!"

"पूजेन मांडलेलं हत्यार आमी नाय उचलनार, सायेब," मुकादम म्हणाला. त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, भीती होती. मागे सगळे माना खाली घालून उभे.

आता आरडाओरडा होणार, नाहीतर साहेब स्वतःच फावडं उचलणार, असं मी धरून चालले होते.  पण ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक माझी आहे. मी न विचारता हुकूम दिला. फावड्यांना कोणी हात लावायचा नाही." साहेबाच्या तोंडून असलं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी थक्क झाले.

त्यांनी कोट काढला, ढिगातला कोळशाचा मोठा खडा दोन्ही हातांनी उचलला, आणि फावड्याशिवाय खालच्या दाराच्या धगीपाशी जाता येईना म्हणून जिना चढून भट्टीच्या माथ्यावरच्या तोंडातून आत टाकला. मग दुसरा. तिसऱ्या खेपेला मुकादम जिन्याशी आडवा आला आणि त्याने खडा त्यांच्या हातातून घेतला. त्याच्यामागे आणखी एक जण, मग आणखी. बघता बघता ढिगापासून वरपर्यंत रांग लागली. कारकून, पॅकिंगच्या बायका, जेवायला थांबलेले भटजीसुद्धा सोवळं सावरत उभे राहिले. मीही पदर खोचला. कोळसा हातातून हातात जात होता आणि कोणीच कोणाला हुकूम करत नव्हतं. इतकी माणसं अशी एका मनाने हलताना मी तोवर पाहिली नव्हती.

संध्याकाळपर्यंत जाळ पुन्हा पांढरा झाला. तेवढ्यात मुंबईहून मालक आले. कोणीतरी फोन केला होता.

"फावडी पूजेत कोणी ठेवली?"

"मी," साहेब म्हणाले.

"फावरी आमीच मांडली, शेट," मुकादम पुढे आला. "सायेब नवीन, त्यांना काय म्हाईत?"

"हुकूम माझा होता," साहेब म्हणाले.

चूक दुसऱ्याच्या गळ्यात मारणारे मी पुष्कळ पाहिले होते. ती एकमेकांच्या हातून हिसकावून घेणारे हे दोघे पहिलेच.

मालक गोंधळले. काळ्या हातांच्या त्या गर्दीवरून नजर फिरवत त्यांनी विचारलं, "बरं, मग भट्टी वाचवली कोणी?"

कोणीही पुढे आलं नाही.